इंग्रजीतून प्रबंध लिहिताना संदर्भ कसे वापरावेत: पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या, आणि एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या टप्प्यावर पहिल्यांदाच इंग्रजीतून दीर्घ लेखन करणाऱ्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धती हा विषय आणि संशोधन प्रकल्प आले, त्यामुळे पूर्वी पीएच.डी.ची नोंदणी केल्यावर पडणारे प्रश्न आता एम.ए.च्या पहिल्याच वर्षी पडू लागले आहेत.

पदवीला चांगले गुण मिळाले, मग प्रकल्प लिहिताना एवढे अडायला का होते?

आपल्याकडच्या बहुतेक लेखी परीक्षांत उत्तर बरोबर असले की पुरते. ते कोठून आले हे कोणी विचारत नाही. वर्गातल्या नोट्स, बाजारातले गाईड, मागच्या बॅचकडून आलेले झेरॉक्स यांतला मजकूर पाठ करून जसाच्या तसा उतरवला तरी गुण मिळतात, किंबहुना जितका हुबेहूब तितके गुण अधिक, असाच बहुतेकांचा अनुभव असतो. प्रबंधाचा नियम नेमका उलटा आहे. तेथे प्रत्येक विधानाचा धनी कोण, म्हणजे हे आपण म्हणतो आहोत की दुसऱ्या कोणी म्हटले आहे, हे वाचकाला जागच्या जागी कळावे लागते. पंधरा-सोळा वर्षे अंगवळणी पडलेली सवय एका सत्रात मोडायची असते आणि ती का मोडायची हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. नियमावली हातात दिली जाते आणि इतर लेखनाशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा धाक घातला जातो. साहजिकच संदर्भ देणे हे अनेकांना शिक्षा चुकवण्याचे साधन वाटते.

त्यात भाषेची भर पडते. इंग्रजी वाचून समजणे आणि इंग्रजीत स्वतःचे वाक्य बांधणे यांत बरेच अंतर असते, आणि ते अंतर विद्यार्थी समोरच्या लेखातली तयार वाक्ये उचलून भरून काढतो.

माझे इंग्रजी कच्चे आहे. मूळ लेखकाने छान लिहिलेले असताना त्यातलेच शब्द थोडे बदलून वापरले तर काय बिघडले?

या प्रकाराला इंग्रजी लेखन-अध्यापनात पॅचरायटिंग म्हणतात. रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकी अभ्यासिकेने १९९० च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवायचा, काही शब्द गाळायचे, काहींच्या जागी समानार्थी शब्द घालायचे, कर्तरी प्रयोगाचा कर्मणी करायचा, असे त्याचे स्वरूप. हॉवर्ड यांचे म्हणणे असे की, नवखा विद्यार्थी अवघड मजकुराशी झटताना या टप्प्यातून जातोच, त्यामुळे त्याच्याकडे सरसकट चोरी म्हणून पाहू नये. डायान पेकोरारी यांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या १७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लेखन त्यांच्या मूळ स्रोतांशी ताडून पाहिले आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्रोतांतली वाक्ये मोठ्या प्रमाणावर आलेली होती, पण फसवण्याचा हेतू दिसत नव्हता.

म्हणून लाज वाटून घेण्याचे कारण नाही; पण तेथेच थांबूनही चालणार नाही. ठिगळे जोडलेल्या परिच्छेदात विद्यार्थ्याला स्वतःला काय म्हणायचे आहे ते दिसत नाही, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाने एखाद्या वाक्यावर बोट ठेवून "म्हणजे काय?" असे विचारले की लगेच उघडे पडते. साधी, छोटी वाक्ये असलेला, एखादे आर्टिकल चुकलेला परिच्छेद परीक्षकाला चालतो. भारदस्त पण परका परिच्छेद चालत नाही.

मग स्वतःच्या शब्दांत लिहायचे म्हणजे नेमके काय करायचे?

एक उदाहरण घेऊ. तंत्र इंग्रजीतही हेच असल्याने सोयीसाठी ते मराठीत दिले आहे आणि मूळ वाक्य कल्पित आहे. समजा, एका लेखात असे वाक्य आहे: "१९८२ च्या संपानंतर मुंबईतील कापड गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि गिरणगावातील कामगार कुटुंबांत घरखर्चाचा भार प्रामुख्याने स्त्रियांवर येऊन पडला."

विद्यार्थी बहुधा असे लिहितो: "१९८२ मधील संपानंतर मुंबईच्या कापड गिरण्या हळूहळू बंद झाल्या व गिरणगावच्या कामगार घरांमध्ये घर चालवण्याचा बोजा मुख्यतः महिलांवर आला." दहा-बारा शब्द बदलले, पण वाक्याचा क्रम, जोड आणि वळण मूळचेच राहिले. शेवटी कंसात लेखकाचे नाव व वर्ष घातले तरी दोष जात नाही, कारण शब्दरचना विद्यार्थ्याची आहे असा समज त्यातून होतो आणि तो खरा नसतो.

आता हे पाहा: "संपाच्या परिणामांची चर्चा बहुधा नोकऱ्या गमावलेल्या पुरुष कामगारांभोवती फिरते. अमुक लेखक मात्र लक्ष घराकडे वळवतो. गिरण्या बंद झाल्यावर घर कोणाच्या कमाईवर चालले, हा त्याचा प्रश्न आहे आणि स्त्रियांच्या, हे त्याचे उत्तर. प्रस्तुत प्रकल्पातील मुलाखतींच्या संदर्भात हाच मुद्दा महत्त्वाचा ठरतो." येथे विद्यार्थ्याने मूळ विधान समजून घेतले, इतर चर्चेच्या तुलनेत त्याचे स्थान दाखवले आणि आपल्या कामाशी त्याचा संबंध जोडला. शब्द आपोआप वेगळे झाले, कारण वाक्याचे कामच वेगळे आहे. समानार्थी शब्द शोधत बसणाऱ्याला हे साधत नाही. "हा लेखक हे का सांगतो आहे आणि मला त्याचे काय?" असे स्वतःला विचारणाऱ्याला साधते.

आणि मूळ वाक्य इतके नेमके असेल की त्याला हात लावणे म्हणजे ते बिघडवणे, तर ते अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह, जसेच्या तसे द्यावे. व्याख्या, कायद्याचे कलम, कवितेच्या ओळी आणि ज्यांचा प्रतिवाद करायचा आहे अशी विधाने यांच्या बाबतीत हेच योग्य.

नोंदी मराठीत घेतल्या तर चालतील का?

चालतील एवढेच नव्हे, घ्याव्यातच. या पानावरचा एकच सल्ला पाळायचा असेल तर हा पाळावा. इंग्रजीत वाचून इंग्रजीतच नोंद घेतली की मूळची वाक्ये वहीत येतात, वहीतून मसुद्यात जातात, आणि तीन महिन्यांनी आपले कोणते व लेखकाचे कोणते हे आपल्यालाच सांगता येत नाही. पॅचरायटिंगची बरीच प्रकरणे लेखनाच्या वेळी नव्हे, तर नोंदी काढतानाच जन्माला आलेली असतात. इंग्रजी लेखाचा एक भाग वाचून, लेख मिटवून, त्यातला मुद्दा मराठीत दोन-तीन वाक्यांत लिहिला तर मूळ वाक्यरचनेची पकड सुटते. मुद्दा कळला नसेल तर मराठीत तो लिहिताच येत नाही, आणि आपल्याला तो कळलेला नाही हे वेळीच लक्षात येते, हा त्याहून मोठा फायदा.

पथ्ये थोडी आहेत. पारिभाषिक संज्ञा भाषांतरित न करता मूळ इंग्रजीतच ठेवाव्यात. प्रत्येक नोंदीला लेखक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक तेव्हाच्या तेव्हा लिहावा. नंतर लिहू म्हणणाऱ्याला प्रबंध बांधायला टाकायच्या आठवड्यात ग्रंथालयाच्या खेपा घालाव्या लागतात. मूळ शब्द उतरवले असतील तर त्यांना ठळक अवतरणचिन्हे घालावीत आणि स्वतःची शंका किंवा मत वेगळ्या रंगाच्या शाईने लिहावे. नंतर मसुदा लिहिताना समोर फक्त या नोंदी ठेवाव्यात, मूळ लेख उघडा ठेवू नये. लिहून झाल्यावर अर्थ बदलला नाही ना, हे पाहण्यापुरता तो पुन्हा उघडावा.

साम्य दहा टक्क्यांच्या खाली आले की काम झाले ना?

नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत प्रबंध व लघुप्रबंधासाठी साम्याच्या पातळ्या ठरवलेल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० हून अधिक ते ४० टक्क्यांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या ठरावीक मुदतीत सुधारित लेखन सादर करावे लागते. ४० हून अधिक ते ६० टक्क्यांपर्यंत असेल तर वर्षभर सुधारित लेखन सादर करता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणी रद्द होते. रीतसर श्रेय दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, तसेच सर्वसाधारण संज्ञा, कायदे आणि प्रमाण समीकरणे या मोजणीतून वगळली जातात.

लोक हे आकडे वाचतात आणि त्याच विनियमांतली टीप सोडून देतात. सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष, शिफारशी हे गाभ्याचे भाग मूळ कल्पनांवर आधारलेले असावेत आणि त्यांत साम्य नसावे, असे ती सांगते; सामान्य ज्ञान आणि योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे शब्दप्रयोग तेवढे यातून वगळले आहेत. म्हणजे एकूण साम्य चारच टक्के असले आणि ते चार टक्के निष्कर्षाच्या प्रकरणात असले, तर दंडाच्या तक्त्यात ते बसत नाही म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही.

सॉफ्टवेअर जुळणारे शब्द दाखवते, चोरी ठरवत नाही. अवतरणचिन्हे नीट ओळखली गेली नाहीत तर प्रामाणिक प्रबंधाचाही आकडा फुगतो, आणि चतुराईने उचललेली कल्पना शून्य टक्क्यांत निसटते. तेव्हा शेवटचा आकडा पाहून सुटकेचा निःश्वास टाकण्याऐवजी अहवालातली रंगवलेली प्रत्येक ओळ उघडून, ती तेथे का आली हे मार्गदर्शकाबरोबर बसून पाहावे.

मराठी पुस्तकातला मजकूर इंग्रजीत भाषांतरित करून घातला तर सॉफ्टवेअरला कळत नाही, असे ऐकले आहे.

बहुधा कळत नाही, हे खरे. तरीही ते वाङ्मयचौर्यच आहे, कारण विचार आणि मांडणी दुसऱ्याची असते. शिवाय महाराष्ट्रातल्या एखाद्या विषयावरच्या प्रबंधाचा परीक्षक त्याच विषयावरची मराठी पुस्तके वाचलेला असतो. श्रेय देऊन केलेले भाषांतर मात्र पूर्णपणे वैध आहे. त्यापुढे "भाषांतर प्रस्तुत संशोधकाचे" असे नोंदवावे.

शब्द आपोआप बदलून देणाऱ्या संगणकीय साधनांची गत याहून वाईट. गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव या संशोधकांनी २०२१ मध्ये शोधनिबंधांतून असे विचित्र शब्दप्रयोग गोळा केले: 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बोझम पेरिल'. साम्य टाळण्यासाठी केलेली ही उठाठेव हाच पुढे गैरप्रकाराचा पुरावा ठरला.

इंग्रजी प्रबंधात मराठी साधनांचा संदर्भ कसा द्यायचा? परदेशी शैलीपुस्तिकांत नेमके आपले प्रश्न सापडत नाहीत.

बरेचसे सापडतात, पण शोधावे लागतात. मराठी ग्रंथाचे नाव रोमन लिपीत द्यावे आणि त्याचा इंग्रजी अर्थ चौकटी कंसात द्यावा, हे एमएलए व एपीए या संदर्भ देण्याच्या दोन्ही प्रचलित शैलींना मान्य आहे. लिप्यंतराची एकच पद्धत धरून ती अखेरपर्यंत पाळावी; एकाच प्रकरणात एकाच लेखकाच्या नावाची तीन स्पेलिंगे आली तर परीक्षकाचा बाकीच्या तपशिलांवरचा विश्वासही उडतो.

टोपणनावांचा घोळ आपल्या साहित्यात फार आहे. कुसुमाग्रज या नावाने कविता आणि वि. वा. शिरवाडकर या नावाने नाटके, असे एकाच लेखकाचे दोन संसार असताना सूचीत दोन वेगळ्या व्यक्ती असल्यासारख्या नोंदी होतात. पुस्तकावर छापलेले नाव वापरावे आणि दुसरे नाव चौकटी कंसात देऊन दोन्ही नोंदी एकमेकींशी जोडाव्यात.

मूळ वाचायचे की भाषांतर, हाही प्रश्न येतो. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ चा. रोझालिंड ओ'हॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर १९९४ मध्ये आले. आपण इंग्रजी भाषांतरातले वाक्य उद्धृत करत असाल तर संदर्भ भाषांतराचा हवा आणि त्यात भाषांतरकाराचे नाव हवे. केवळ १८८२ लिहून मोकळे होणे म्हणजे न पाहिलेले मूळ पुस्तक पाहिल्याचे भासवणे होय. मात्र मराठी वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याने ताराबाईंची झणझणीत मराठी बाजूला ठेवून केवळ भाषांतरावर विसंबावे, हे पटत नाही. परदेशातल्या अभ्यासकाला जे वर्षानुवर्षे शिकून मिळवावे लागते ते आपल्याकडे आधीच आहे.

संतसाहित्यासाठी पृष्ठक्रमांकापेक्षा अध्याय व ओवी किंवा अभंग क्रमांक उपयोगी. पण तुकारामांच्या गाथेतले अभंग क्रमांक निरनिराळ्या आवृत्त्यांत निरनिराळे आहेत, त्यामुळे आवृत्ती न सांगता नुसता क्रमांक दिला तर वाचक भलत्याच अभंगावर जाऊन पोहोचतो.

कोणत्या गोष्टीला संदर्भ लागत नाही?

विषयाच्या वाचकांना सर्वांना ठाऊक असलेल्या आणि वाद नसलेल्या गोष्टीला. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली, याला संदर्भ नको. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या लिहायची असेल तर हवा, कारण १०५ आणि १०६ असे वेगवेगळे आकडे आढळतात. शंका असेल तेव्हा संदर्भ द्यावा.

एका पुस्तकात दुसऱ्याचे अवतरण सापडले. थेट त्या दुसऱ्याचा संदर्भ देऊ का?

मूळ पुस्तक मिळवून ते पान पाहिले असेल तरच. अन्यथा "अमुक ग्रंथात उद्धृत" असे लिहून जे पुस्तक खरोखर वाचले तेच सूचीत घालावे. उसनी अवतरणे हाताहाती बिघडत जातात. पृष्ठक्रमांक चुकतात, एखादा "नाही" गळून पडतो आणि अर्थ उलटा होतो.

पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे "अमुक म्हणतो, तमुक म्हणतो" अशी यादी नव्हे, असे मार्गदर्शक म्हणतात. मग काय?

शोधगंगेवरचे पाच-सहा प्रबंध उघडून पाहिले तर बऱ्याच ठिकाणी हीच यादी दिसते: एक परिच्छेद, एक लेखक, पुढचा परिच्छेद, पुढचा लेखक, क्रम प्रकाशन-वर्षाचा. ती पाहून विद्यार्थ्याला वाटते की पद्धत हीच. शोधगंगा हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभे केलेले फार मोलाचे भांडार आहे, पण तेथे असलेला प्रत्येक प्रबंध गिरवण्यासारखा आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

आढाव्याचे परिच्छेद लेखकांभोवती न बांधता प्रश्नांभोवती बांधावेत. या प्रश्नावर कोणाचे एकमत आहे, कोणाचे कोणाशी पटत नाही, आणि कोणत्या बाजूला अजून कोणी गेलेले नाही? जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावनांचा जो आराखडा मांडला त्यात हीच चाल आहे: आधी क्षेत्र उभे करणे, मग त्यातली मोकळी जागा दाखवणे, मग ती जागा आपण घेणे. इंग्रजी परकी असलेल्यांना हा आराखडा विशेष उपयोगी पडतो, कारण पुढच्या वाक्याचे काम काय हे तो सांगतो.

येथेच क्रियापदांचा प्रश्न येतो. सगळीकडे 'सेज' (says) वापरले तर दहा लेखक एका सुरात बोलल्यासारखे वाटतात. 'शोज' लिहिले की लेखकाने ते सिद्ध केले असे आपण मान्य करतो. 'क्लेम्स' म्हटले की आपण हात राखून आहोत हे कळते, 'आर्ग्यूज' म्हटले की त्याने युक्तिवाद केला आहे. वाचताना कच्ची राहिलेली समज या एका शब्दात पकडली जाते.

लेख मिळवायचे कोठून? सगळीकडे पैसे मागतात.

आधी आपल्या ग्रंथपालांना भेटावे. या प्रश्नाचे उत्तर निम्म्याहून अधिक वेळा तेथेच मिळते. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके खुली होऊ लागली. आपले महाविद्यालय त्यात येते का आणि लॉगिन कसे करायचे, हे ग्रंथपालांना ठाऊक असते. पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणाऱ्या नियतकालिकांतले लेख मात्र कितीही सहज मिळाले तरी बाजूला ठेवावेत. विकिपीडिया विषयात शिरण्यासाठी आणि तळाच्या संदर्भांसाठी चांगला. प्रबंधात आधार म्हणून नको.

एमएलए की एपीए?

विभाग सांगेल ती. साहित्याच्या विभागांत बहुधा एमएलएची २०२१ ची नववी आवृत्ती आणि सामाजिक शास्त्रांत व शिक्षणशास्त्रात एपीएची सातवी आवृत्ती चालते. झोटेरोसारखे संदर्भसूची तयार करणारे मोफत साधन स्वल्पविराम-पूर्णविराम सांभाळते, मात्र त्याने आपोआप ओढलेली माहिती, विशेषतः मराठी नावे, हाताने तपासावी लागते.

चॅटजीपीटीची मदत घ्यावी का?

विभागाचा नियम आधी विचारावा आणि घेतलेली मदत लपवू नये. स्वतः लिहिलेल्या परिच्छेदातले व्याकरण तपासून घेणे ही एक गोष्ट आणि न वाचलेल्या लेखांचा आढावा लिहून घेणे ही अगदी वेगळी. दुसऱ्या प्रकारात अस्तित्वातच नसलेले लेख, खऱ्या लेखकांच्या नावावर, खऱ्या वाटणाऱ्या वर्षांसह सूचीत येऊन बसतात. परीक्षकाने त्यांतला एक शोधून पाहिला की उरलेल्या सूचीचीही पत जाते. स्वतः उघडून न पाहिलेली एकही नोंद सूचीत ठेवू नये.

सादर करायला आठवडा राहिला आहे आणि साम्य ३० टक्क्यांच्या पुढे आले. आता काय करू?

शब्द बदलत बसू नये आणि आकडा खाली आणून देणाऱ्या दुकानात तर मुळीच जाऊ नये. अहवालातल्या रंगीत भागांचे तीन गट करावेत. जे शब्दशः घ्यायचे होते पण अवतरणचिन्हे राहिली, ते प्रथम दुरुस्त करावेत. हे एका दिवसाचे काम आहे. जे वर्णन प्रबंधाला लागतच नाही, उदाहरणार्थ जिल्ह्याचा भूगोल, लेखकाचे दोन पानी चरित्र, सर्वांना माहीत असलेल्या संज्ञांच्या व्याख्या, ते सरळ काढून टाकावे. मोठी ठिगळे बहुधा याच पानांत सापडतात आणि ती गेल्याने प्रबंधाचे काही अडत नाही. उरलेल्या परिच्छेदांसाठी मूळ लेख पुन्हा वाचून, मिटवून, मराठीत नोंद घेऊन नव्याने लिहावे. आठवड्यात हे होणार नसेल तर मार्गदर्शकांना तसे स्पष्ट सांगून विद्यापीठाच्या नियमांनुसार मुदतवाढीचा अर्ज करावा आणि अर्जासोबत दुरुस्तीचे वेळापत्रक जोडावे.